बोथट सुया

४ फेब्रुवारी, मंगळवार

नणंदेनं आज ही कोरी वही माझ्यापुढे आपटली. "वहिनी, दिवसभर माझं डोकं खाण्यापेक्षा यात लिहीत जा. वही कंटाळत नाही." आम्ही दोघी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवतो, माझ्याच घराच्या पुढच्या खोलीत. मशीन तिची, हातशिलाई आणि इस्त्री माझी. त्यामुळे माझं बोलणं तिच्याच कानावर पडतं, हे खरं. पण डोकं खाते म्हणजे काय? मी विचारते. माणसानं विचारू नये?

आता हेच बघा. ह्यांना गेली कित्येक वर्षं चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. उजव्या गालाला वारा लागला तरी वीज शिरल्यासारखी कळ यायची. दाढी नाही, चावून खाणं नाही, पंखा नाही. झोपेत माझा हात लागेल म्हणून मी पलंगाच्या कडेला, ते भिंतीला. आणि आता अचानक त्या नव्या दवाखान्यानं म्हणे गालात एक इंजेक्शन दिलं आणि सगळं फुकट. फुकट देणारा माणूस दिसला की माझे कान टवकारतात.

तिथल्या मोठ्या डॉक्टरला मी टायवाला म्हणते, कारण माझ्याशी बोलताना तो सारखा टाय सारखा करतो. त्यानं समजावलं की इंजेक्शनात एक विषाणू आहे, पण त्याचे दात काढून टाकलेत. तो नसेत जातो, तिथल्या पेशींना नवीन जनुक देतो आणि दुखण्याचा निरोपच मेंदूकडे जायचा थांबतो. मी विचारलं, "आणि दात परत आले तर?" टायवाला हसला. ह्यांनी मला कोपरखळी मारली. उत्तर मात्र कुणी दिलं नाही, ते मी इथे लिहून ठेवते.

९ फेब्रुवारी, रविवार

आज ह्यांनी दाढी केली. आरशासमोर उभं राहून, साबण लावून, सगळी. मी दारात उभी होते. झाल्यावर गालावरून हात फिरवत म्हणाले, "अगं, काहीच नाही. काही म्हणजे काहीच नाही." आणि ढसाढसा रडले. मीही रडले, खोटं कशाला लिहू.

मग त्यांनी माझा हात धरून गालावर ठेवला आणि पुढे जे झालं ते लिहायला या वयात लाज वाटते. लेकीला मूल झालंय आणि आम्ही स्वयंपाकघरात नव्यानं लग्न झाल्यासारखे! त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला बारीक पुटकुळी आलीय, ती मला तेव्हा लागली. ताप उतरताना येते तशी आहे, जाईल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दवाखान्याची नर्स दर गुरुवारी घरी येते. चाळिशीच्या आतली, आवाज मधाचा, म्हणून मी तिचं नाव गोडबोली ठेवलंय. आज ह्यांची पुटकुळी बघून तिचा मध जरा आटला. कापसाच्या काडीनं पुसून घेतली आणि बर्फाच्या डब्यात घालून ठेवली. एवढ्याशा पुटकुळीला बर्फ?

मग सूचना. ह्यांचा कप वेगळा, टॉवेल वेगळा. लहान मूल घरात आणायचं नाही. मी म्हटलं, "आमची नात येणार आहे." ती म्हणाली, "मी सांगेपर्यंत नको, ताई." का, ते विचारलं तर "नियमच आहे."

आणि जाता जाता हळूच मला विचारते, "तुम्हा दोघांत जवळीक आहे का?" बाई बाई! माझं तोंड उघडंच राहिलं. मी म्हटलं, "तुला काय करायचंय?" ती पिशवी आवरायला लागली. तिच्या मनात काहीतरी आहे. पेशंट हे असताना ती सारखी माझ्याकडे का बघते? बायकोकडे एवढं कोण निरखून बघतं, सांगू का? जिला बायकोची अडचण होते ती.

नणंदेला सांगितलं तर ती हसून हसून लोळली. म्हणाली, "दादाला आता कुठे दाढी करता येतेय, वहिनी. एवढ्यात कसला तो पळून जातो!"

२२ फेब्रुवारी, शनिवार

लेक आली! मीच बोलावलं. गोडबोलीचा नियम तिच्या बॅगेत राहू दे. मार्चच्या मध्यावर लेकीची नोकरी परत सुरू होणार, जावई कामासाठी सतत बाहेरगावी, म्हणून तेव्हापासून भोपळी आमच्याकडेच राहायची आहे. भोपळी म्हणजे नात. गाल असे की डोळे शोधावे लागतात. आता ती धरून उभी राहते आणि उभी राहिली की स्वतःवरच खूश होऊन टाळ्या वाजवते, मग धपकन पडते, मग भोंगा.

ह्यांनी आजवर तिला नीट घेतलंच नव्हतं. गालावर तिचा हात पडेल ही भीती. आज तिनं दोन्ही मुठींनी त्यांचा गाल ओढला आणि हे हसत होते. त्यांनी तिची पापी घेतली तेव्हा मला नियम आठवला, मी "अहो" म्हणून दटावलंही. पण त्यांचं तोंड असं उतरलं की माझ्याच्यानं पुढे बोलवेना. मग मीही घेतली एक. एक कसली, मोजलं नाही.

३ मार्च, सोमवार

जगात सचोटी म्हणून उरली नाही. सुयांचं नवं पाकीट आणलं, सगळ्या बोथट. मी सुई कापडाला लावायच्या आधी टोक अंगठ्याच्या पेरावर टेकवून बघते. माझ्या आईनं तसंच शिकवलं. टोक टोचलं तर सुई चांगली, नाहीतर कापडाचा धागा ओढते. या पाकिटातली एकही टोचत नाही. जुन्या डबीतल्या काढल्या, त्याही गेल्यात, गंजल्या असणार. कशाबशा त्यांनीच भागवते आहे.

इस्त्रीही बिघडली. ओलं बोट लावलं की चर्र वाजतं पण हाताला कोमट. मी बटण वर वर करत गेले आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची कॉलर पिवळी पडली. विजेवाला आला, म्हणतो इस्त्री ठणठणीत आहे. त्याला काय जातंय म्हणायला.

वर आणखी एक. लग्नाच्या त्या दुधी रंगाच्या गाऊनची कड मी हातानं घालत होते, त्यावर रक्ताचे ठिपके. नणंदेला विचारलं तर म्हणते माझं बोट कापलेलं नाही. मग काय भुतानं सांडलं? आमचं कडाक्याचं भांडण झालं. शेवटी मीच थंड पाण्यानं डाग काढले.

एकच चांगली गोष्ट. दोन महिने ठणकणारी माझी मागची दाढ आपोआप थांबली. दाताच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, रद्द केली. तेवढाच खर्च वाचला.

६ मार्च, गुरुवार

गोडबोलीनं आज माझा हात धरला. मनगटाच्या वर इस्त्रीचा चटका आहे, चांगला फोड येऊन फुटलेला. मला वाटतं परवा लागला असेल, कामाच्या गडबडीत लक्ष जात नाही. तिनं त्याचा फोटो काढला! विचारते, "दुखत नाही?" मी म्हटलं, "आम्ही कष्टाची माणसं. एवढ्यातेवढ्याला हुं की चूं करत नाही." ती माझ्याकडे असं बघत होती, जणू मी काहीतरी वाईट बातमी सांगितली.

ती गेल्यावर ह्यांनी मला विचारलं, "तिनं तुला चिमटा का काढला गं?"

"कुणी?"

"नर्सनं. मला औषधाचं विचारत होती आणि मागून तुझ्या दंडाला चिमटा काढत होती. चांगला पिळून."

म्हणजे बघा! मला कुणी चिमटा काढला असता तर मला कळलं नसतं का? नक्कीच दोघांची काहीतरी नजरानजर झाली, मी पाहिली असं ह्यांना वाटलं आणि ही थाप रचली. थाप तरी धड रचावी. संध्याकाळी ब्लाउज काढताना दंडावर निळा डाग दिसला खरा. कशाला तरी आपटले असेन.

११ मार्च, मंगळवार

आज सुयांच्या दुकानात जाऊन मी रणकंदन केलं. दुकानदार म्हातारा आहे, शांत आहे, माझ्या आईलाही त्यानंच सुया विकल्या. मी पाकीट त्याच्या पुढ्यात फेकलं. म्हटलं, "इतकी वर्षं तुमच्याकडे येते आणि आता मला बोथट माल गळ्यात मारता?"

त्यानं एक सुई घेतली, जाड तंबूच्या कापडाच्या चार घड्या केल्या आणि आरपार घातली. लोण्यात जावी तशी गेली. मग म्हणाला, "तुम्ही दाखवा बोथट."

मी दाखवलं. माझ्या पद्धतीनं अंगठ्यावर टेकवली, दाबली. "बघा, टोचतेय का?"

दुकानदाराचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाला, "बाई, काढा ती. आत गेलीय." मी खाली पाहिलं. सुई अर्धी अंगठ्यात होती.

सुई उपटली आणि घरी आले. माझ्या अंगठ्याच्या पेराची चाळणी झालीय. ती मी आज पहिल्यांदा उजेडात धरून बघितली. गाऊनवरचं रक्त माझं होतं. नणंदेची माफी मागायला हवी, उद्या मागेन. हे म्हणाले जेवून घे. म्हटलं भूक नाही.

१२ मार्च, बुधवार

आज सकाळी सगळं करून पाहिलं. चिमटे काढले. बोट कपाटाच्या दारात धरलं. गरम कपाला गाल लावला. कळतं, म्हणजे हात लागला, गरम आहे हे कुठेतरी कळतं. पण दुखत नाही. दाताच्या डॉक्टरकडे पळाले. त्यानं तोंडात बघितलं आणि मागे सरला. दाढेखाली पू भरून जबड्यापर्यंत गेलाय. "आजी, तुम्ही हे सहन कसं केलंत? माणूस गडबडा लोळतो." मला आजी म्हणू नका, हे सांगायलाही विसरले.

दुकानात आले ती सरळ नणंदेच्या दंडाला कचकचून चिमटा काढला. ती किंचाळली, "आई गं! वेड लागलंय का, वहिनी?" मी तिला मिठी मारणार होते, पण हात मागे घेतला. लांबूनच माफी मागितली आणि म्हटलं, उद्यापासून तू इकडे येऊ नकोस, मशीन घरी ने. ती घाबरली. मला अशी घाबरलेली बघायची तिला सवय नाही, नुसती चिडलेली बघायची आहे.

ह्यांचं दुखणं इंजेक्शननं गेलं. माझं कशानं गेलं? मला तर कुणी काही टोचलं नाही. हा प्रश्न मी स्वयंपाकघरात उभी राहून मनातच विचारला आणि समोर फडताळात ह्यांचा वेगळा कप दिसला. गोडबोलीनं दिलेला. एकदाही वापरलेला नाही.

मग भोपळी आठवली.

लेकीला फोन लावला. "भोपळी रडते का गं?"

"काय प्रश्न आहे हा, आई? आता शहाणी झालीय. काल पडली तर आपली आपण उठली. दात येतायत तरी कुरकुर नाही. तुझ्याकडून आल्यापासून गुणी बाळ झालंय."

मी म्हटलं, शनिवारी येऊ नकोस. कारण सांगायला लागले, विषाणू, सुया, कप, सगळं एकात एक गुंतत गेलं. तिनं मध्येच तोडलं. "आई, लहानपणी दूधवाला दुधात विष घालतो म्हणून तू आम्हाला महिनाभर दूध दिलं नाहीस. बाबांना इतक्या वर्षांनी बरं वाटतंय, तेही तुला बघवत नाही. मला सोमवारी कामावर जायचंय आणि दुसरी सोय नाही. मी येतेय."

आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला. आता एकदाच खरं बोलतेय तर माझी पोटची पोर विश्वास ठेवत नाही. दोष तिला कसा देऊ?

१३ मार्च, गुरुवार

गोडबोली आली. मी तिला आत घेतलं, दाराला कडी घातली आणि म्हटलं, "चिमटा मला कळला नव्हता. आता बोल."

ती खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. विषाणूचे दात परत आलेत. टोचलेल्या माणसाच्या ओठावर फोड येतो, त्यातून तो दुसऱ्याला लागतो. ज्याला टोचलं त्याचा फक्त गाल मुका होतो. ज्याला लागतो त्याचं मात्र सगळं अंग. आमचं एकच घर नाही. एका बाईचं अपेंडिक्स पोटात फुटलं तरी ती रांगेत उभी राहून भाजी घेत होती. ती वाचली नाही. टायवाल्यानं सगळ्यांना सांगितलंय, खात्री होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

"आणि तू उघडलं नाहीस," मी म्हटलं. "कप दिलास, कारण दिलं नाहीस. कारण दिलं असतंस तर मी नातीला घरात घेतलं असतं का?"

तिनं उत्तर म्हणून उजव्या हाताचा हातमोजा काढला. करंगळीचं टोक काळंनिळं, पट्टी बांधलेली. "गाडीच्या दारात सापडलं होतं. घरी पोचेपर्यंत कळलं नाही. पहिल्या पेशंटांच्या वेळी आम्हाला कुणी हातमोजे घाला म्हणालं नव्हतं. माझा मुलगा आईकडे आहे, ताई. मी त्याला खिडकीतून बघते." मग म्हणाली, "तुमच्याकडे मी बघत होते, कारण मला दर वेळी वाटायचं, देवा, हिला तरी झालेलं नसू दे."

मी तिच्याबद्दल काय काय लिहिलंय ते मागच्या पानांवर आहे. खोडत नाही. राहू दे.

भोपळीचं विचारलं. रक्त तपासता येतं पण निकालाला वेळ लागतो. विषाणू तिला लागला असेल तर एव्हाना कळायला हवं. "पडल्या-आपटल्यावर रडली तर तिला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आणि नाही रडली तर?" मी विचारलं. तिनं हातमोजा परत चढवला.

१५ मार्च, शनिवार

दुकानाला पुढून मोठी काच आहे. दाराला कुलूप लावलं, किल्ली ह्यांच्या खिशात दिली आणि म्हटलं, मी मागितली तरी देऊ नका. नणंदेला फोन करून बाहेर उभं केलं. टॅक्सी आली. लेक उतरली, कडेवर भोपळी, खांद्यावर दोन पिशव्या.

भोपळीनं मला काचेतून पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. मी दाराशी गेलेही. हात कडीवर होता. ह्यांनी मागून माझा पदर धरून ठेवला.

"आई, दार उघड!" लेक काचेवर थापा मारत होती. "लोक बघतायत. काय तमाशा लावलायस?" नणंद तिला समजावत होती, ती ऐकत नव्हती. "तुला नात नकोच आहे, तसं सांग ना सरळ!"

बोलून माझं आजवर कुणाला पटलंय? मी ब्लाउजच्या गळ्याला खोचलेली सुई काढली, हात काचेला टेकवला की तिला नीट दिसावा, आणि सुई अंगठ्यातून आरपार घातली. एका बाजूनं आत, दुसऱ्या बाजूनं बाहेर. आणि तिच्या डोळ्यांत बघत राहिले.

ती ओरडली नाही. ती मटकन पायरीवर बसली. पिशव्या पडल्या, भोपळी मांडीवरून घसरली आणि दुकानाच्या पाटीच्या लोखंडी पायावर तिचं कपाळ आपटलं. आवाज मला आतपर्यंत आला.

भोपळीनं तोंड उघडलं. मोठं, पूर्ण. आवाज नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि आवाज नाही. ह्यांनी माझा दंड आवळून धरला असणार, नंतर वळ दिसले. मी काचेला कपाळ लावून म्हणत होते, रड गं बाई, रड, माझे आई, रड.

आणि ती रडली! काय रडली! श्वास ओढून ओढून, लालबुंद होऊन, कपाळावर हात नेत, सगळी गल्ली डोक्यावर घेतली. समोरचा न्हावी हातात वस्तरा घेऊन बाहेर आला. आणि मी काचेआड उभी राहून हसत होते, टाळ्या वाजवत होते. अंगठ्यात सुई तशीच. लोकांना वाटलं असेल बाई भ्रमिष्ट झाली. वाटू दे.

लेकीनं तिला उराशी धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. आता तिला कळलं होतं. तिनं तळहात काचेवर ठेवला. मी माझा आतून ठेवला, सुई काढून, रक्त पुसून. नणंद म्हणाली, सोमवारपासून भोपळी माझ्याकडे, मशीनशेजारी पाळणा बांधते. मी आतूनच ओरडून सांगितलं, टाचण्या खाली सांडू नकोस.

२५ मार्च, मंगळवार

गोडबोलीनं तोंड उघडलं. नोकरी गेली. आता ती, आम्ही आणि बाकीची घरं मिळून तक्रार केलीय, तिचे फोटो कामी आले. टायवाला काल बातम्यांत होता, टाय सारखा करत. म्हणतो, असं काही घडू शकत नाही. मी टीव्हीला चाळणी झालेला अंगठा दाखवला.

माझी दाढ काढली, जबडा वाचला. रोज संध्याकाळी दिवा लावला की हे मला समोर बसवतात आणि बघतात. बोटं, तळवे, पाठ, टाचा. कुठे कापलंय, कुठे भाजलंय, मला कळत नाही म्हणून त्यांनी शोधायचं. मग मी त्यांच्या तोंडात बघते, मुक्या गालाला आतून कुठे चावलं गेलंय का. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला एवढं निरखून कधी पाहिलं नव्हतं. चिडावं की रडावं कळत नाही. हे बरं होणार का, ते कुणीच सांगत नाही.

आज दुपारी लेकीचा फोन आला. भोपळीला लस टोचायला नेली होती. बोलता बोलता मागून भोंगा ऐकू आला. लेक म्हणाली, "आई, नंतर करते. हिनं दवाखाना डोक्यावर घेतलाय, तुला माझं काही ऐकू येणार नाही."

मी म्हटलं, "तुझं नको. फोन तसाच तिच्याजवळ धर."